'ट्वेंटी फोर'चा नववा सीझन बाबांसोबत बघतेय. पुढे दाखवू की इथेच थांबू?

कोपरी_पूर्व
शुक्रवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधीचं रामायण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वय ७३. आम्ही कोपरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. त्यामुळे खालचा कट्टा बंद, पेपरवाल्याशी भांडण बंद, सगळंच बंद. बातम्या लावल्या की बीपी वर जातं, आणि संध्याकाळच्या मालिकांवर आईचा ताबा. शेवटी भाऊ ठेवून गेलेला डीव्हीडीचा सेट काढला : 'ट्वेंटी फोर : लिव्ह अनदर डे'. २०१४ सालचा, बाराच भाग, लंडनमध्ये घडणारा. मी आधीचे सीझन तुकड्यातुकड्यांत पाहिलेत, बाबांनी एकही नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅक बाउर हा अमेरिकेच्या दहशतवादविरोधी पथकातला जुना एजंट, चार वर्षं परागंदा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लंडनला आलेत आणि त्यांना मारायचा कट शिजतोय हे त्याला कळलंय. पण सांगणार कोणाला? ज्यांना सांगायचं तेच बेड्या घेऊन त्याच्या मागे. एक भाग म्हणजे गोष्टीतला एक तास. सकाळी अकराला सुरू, आणि मधूनमधून ते पिवळं घड्याळ टिकटिकत येतं.

आता बाबा. बाबा पोलिसात होते, पण गोळ्या झाडणारे नव्हेत. बिनतारी संदेश विभाग, ठाणे. एकतीस वर्षं कानाला हेडफोन. त्यामुळे बघायची तऱ्हाच वेगळी. पहिल्या भागात जॅक पळतोय, आख्खी सीआयए मागे धावतेय, मी सोफ्याच्या कडेला येऊन बसलेली, आणि हे शांतपणे : "पाहिजे आरोपी आहे हा. कलमं किती लागलीत ते बघ आधी." जॅकने एका घरात घुसून सामान उलटंपालटं केलं तर : "पंच कुठायत?" कोणीतरी रेडिओवर 'ओव्हर अँड आउट' म्हणालं की तो सीन त्यांच्यासाठी संपला. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे बोलणं संपलं, दोन्ही एका दमात फक्त सिनेमातले लोक म्हणतात. हे मी लहानपणापासून ऐकतेय.

खरी गंमत चौथ्या भागापासून. तुमच्या लक्षात आलं असेल, घड्याळ २:१७ दाखवतं, पडदा काळा होतो, परत येतं तेव्हा २:२१. टीव्हीवर तिथे जाहिराती असायच्या आणि गोष्टीतली वेळ जाहिरातीतही चालूच राहायची. डीव्हीडीवर जाहिराती नाहीत, म्हणून तासाचा भाग बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांत उरकतो. हे मी समजावून सांगितलं. बाबांना पटलं नाही.

"मधली चार मिनिटं कुठे गेली?"

"जाहिराती, बाबा."

"जाहिराती तुला. त्याला काय? तो तर गाडीत होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाची गणिताची जुनी वही घेतली, मागच्या कोऱ्या पानांवर पट्टीने तीन रकाने आखले आणि लॉगबुक सुरू केलं. वेळ, कोणाकडून, मजकूर. मी चोरून वाचलं. "१४:१७ ते १४:२१ नोंद नाही. सुटले तेव्हा पुलाच्या अलीकडे, आता पलीकडे. गाडी कोण चालवत होते?" आणि खाली लाल शाईत : "जेवण नाही. पाणी नाही. सकाळपासून."

जॅकबद्दल त्यांचं मत फार बरं नाही. त्यांचा जीव जडलाय क्लोईवर. डोळ्यांना काळं फासलेली, सदा वैतागलेली, लॅपटॉपसमोर बसून जॅकला "डावीकडे वळ, दोन माणसं येतायत" सांगणारी. बाबा तिला नावाने बोलावतच नाहीत. ऑपरेटर म्हणतात. "ऑपरेटरला कोणी चहा दिला का?" "ऑपरेटर किती तास बसलीये?" परवा जॅक तिच्यावर खेकसला तर बाबांनी टीव्हीलाच दम दिला : "आवाज खाली. ती तुझे डोळे आहे."

आता मूळ प्रश्न. आठवा-नववा भाग पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

राष्ट्राध्यक्ष हेलर एकटे वेंबलीच्या रिकाम्या मैदानात चालत जातात, वरून ड्रोनचा मारा होतो, सगळं संपलं असं वाटतं. पुढच्या भागात कळतं की क्लोईने ड्रोनच्या पडद्यावर जुनंच चित्र फिरवत ठेवलं आणि तेवढ्यात जॅकने म्हाताऱ्याला ओढून काढलं. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. रिमोट मागितला, चित्र थांबवलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पुढे ऑपरेटरला काही होतं का?"

मला माहीत नाही. शेवटचे तीन भाग मीही पाहिलेले नाहीत. तेव्हापासून ते डीव्हीडी लावू देत नाहीत. "आज नको, गुडघा ठणकतोय" म्हणतात. तर कृपा करून एवढंच सांगा, क्लोई मरते का? मरत असेल तर मी डिस्कवर ओरखडा काढते आणि खराब झाली म्हणून सांगते.

मालिकापुराण
शुक्रवार, रात्री ११.५८

ओरखडा नको. ऑपरेटर जिवंत राहते. हाल होतात, पण राहते. बाकीच्यांची हमी मी देत नाही.

आधीचे आठ सीझन पाहायची गरज नाही, फक्त जॅक फरारी का आहे एवढं बाबांना सांगून ठेवा, नाहीतर कलमं मोजत बसतील. आठवा सीझन २०१० मध्ये संपला. त्यात त्याच्या जवळच्या बाईला, ती एफबीआयमध्ये होती, रशियनांच्या माणसाने गोळी घातली. राष्ट्राध्यक्ष बाईंनी शांतता कराराच्या पायी प्रकरण दाबलं. मग जॅकने कायदा हातात घेतला आणि रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यालाच उडवला. म्हणजे एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला स्वतःचं सरकार. तुमचे वडील 'पाहिजे आरोपी' म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. खून केलाय त्याने, एक नाही.

मला नववा सीझन ह्याच कारणासाठी आवडतो. इतर मालिकांमध्ये पळणारा नायक निर्दोष असतो, आणि ते सिद्ध झालं की गोष्ट संपते. इथे तो निर्दोष नाही हे त्याला ठाऊक आहे. तो फक्त ह्या एका गोष्टीबद्दल खरं बोलतोय.

घोडबंदरचा_जॅक
शनिवार, सकाळी ८.१२

ताई, बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. तीन रकाने वाचून चहा नाकातून आला.

ह्याची हिंदी आवृत्तीही दाखवा त्यांना, २०१३ ची, कलर्सवर लागायची. अनिल कपूर जयसिंग राठोड झालाय आणि सगळं मुंबईत घडतं. (हाच अनिल कपूर मूळ मालिकेच्या आठव्या सीझनमध्ये कामिस्तान नावाच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. देश काल्पनिक आहे, शोधू नका.) तेव्हा आमच्या हॉलमध्ये एकच वाद चालायचा, हा माणूस इकडून तिकडे इतक्या लवकर पोचतो कसा? घोडबंदर रोडवर शूटिंग केलं असतं तर पहिला भाग माजिवड्याला, दुसरा भाग मानपाड्याला, आणि कासारवडवलीला पोचेपर्यंत सीझन संपून कटवाले पण कंटाळून घरी.

बिनधास्त_बेलापूर
शनिवार, सकाळी ९.३०

क्लोई नाही पण शेवटच्या भागात
*[पुढचा मजकूर नियंत्रकांनी काढला आहे. ताईंनी एकच प्रश्न विचारलाय, त्याचंच उत्तर द्या.]*

सानपाडा_सेक्टर_पाच
शनिवार, दुपारी १.०५

मी जरा रसभंग करतो. वेग आहे, ताण आहे, सगळं मान्य. पण ह्या मालिकेचं एक मला कधीच पचलं नाही. जॅक माणसाला खुर्चीला बांधतो, बोटं मोडतो, आणि तो दोन मिनिटांत खरा पत्ता सांगतो. दर वेळी खरा! घड्याळ चालू आहे ना, खोटा पत्ता सांगितला तर लेखकाचा एक भाग वाया जाईल. ही घड्याळाची करामत आहे, चौकशीची नव्हे.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन २००६ च्या नोव्हेंबरात ह्या मालिकेच्या लोकांना जाऊन भेटले होते. तक्रार अशी, की आमचे कॅडेट हे बघतात आणि वर्गात आम्ही शिकवलेला कायदा त्यांना पुस्तकी वाटायला लागतो.

तुमच्या वडिलांचं ह्यावर काय मत आहे ते ऐकायला आवडेल. मालिकेवरचं नको, मालिका काय ती कळली.

कोपरी_पूर्व
शनिवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. 'ऑपरेटर जिवंत राहते' हे मी बाबांना सांगितलं. "कोण म्हणतं?" म्हणाले. मालिकापुराण नावाच्या गृहस्थांनी कळवलंय म्हटलं. "नाव लिहून घे." त्यामुळे मालिकापुराण, तुमची वहीत नोंद झालेली आहे.

सानपाडा, तुमचा प्रश्न विचारला. म्हणाले, "आमच्याकडे रात्री शंभर नंबरला फोन यायचे, त्यातले कितीतरी खोटे. कोणी हात लावलेला नसताना माणूस खोटं बोलतो. मग खुर्चीला बांधलेला खरं कशाला बोलेल? सुटायला जे लागेल ते बोलेल."

आणि मग विषय कुठून कुठे गेला कोण जाणे, त्यांनी मला २६ जुलैची रात्र सांगितली. २००५. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबा दोन दिवस घरी आले नव्हते एवढंच आठवतं, आणि आईने मेणबत्तीवर पिठलं केलेलं.

पोलिसांच्या भाषेत गस्तीच्या गाडीला 'मोबाईल' म्हणतात. एक मोबाईल दिवा गावाच्या बाजूला गेली होती. पावणेनऊला त्यातल्या हवालदाराचा आवाज आला, पाणी बॉनेटला लागलंय, गाडी सोडतोय. "रॉजर, लोकेशन द्या," बाबा म्हणाले. उत्तर नाही. त्यानंतर बाबा दर पाच मिनिटांनी त्यांना हाक मारत राहिले. मधे बाकीचे शंभर आवाज, कुठे भिंत पडलीये, कुठे लोक टपावर बसलेत, कुठे पेशंट अडकलाय. ते सगळं घ्यायचं, पुढे द्यायचं, आणि पाच मिनिटं झाली की परत हाक. प्रत्येक वेळी लॉगला लिहायचं : प्रतिसाद नाही. सकाळपर्यंत पानंच्या पानं तीच ओळ.

"दुसरं कोणी बसलं असतं ना तुमच्या जागी थोडा वेळ?" मी विचारलं.

"बसलं असतं. पण त्याला माझा आवाज माहिती होता."

सहाच्या सुमारास तो हवालदार आणि ड्रायव्हर चिखलाने माखलेले, चालत कंट्रोलला आले. सेट भिजून बंद पडलेला, फोन लागत नव्हते, म्हणून घरी न जाता आधी तिथे आले, सांगायला. बाबांनी काय केलं असेल? घड्याळ बघितलं, वेळ लिहिली, 'हजर' लिहिलं आणि मग लघवीला गेले. हे त्यांनी असंच सांगितलं, ह्याच क्रमाने. वीस वर्षांत घरात कोणाला माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, बाहेर आली आणि म्हणाली, "मला म्हणालात की नुसता बसून होतो."

"बसूनच होतो," बाबा म्हणाले.

तर ती चार मिनिटं त्यांना का खुपतात ते मला आज कळलं. मी जाहिराती जाहिराती करत बसले होते.

वाशीचा_डीव्हीडीवाला
रविवार, सकाळी ७.४५

मी ह्या धाग्यावर लिहिणार नव्हतो, पण हे वाचून राहवलं नाही.

दहावा भाग लावायच्या आधी बाबांना आठव्या सीझनच्या शेवटच्या भागातली अखेरची पाच-दहा मिनिटं दाखवा. जॅक न्यूयॉर्कमध्ये जखमी उभा आहे, आता त्याला पळायचंय. क्लोई पथकाच्या कंट्रोल रूममध्ये आहे आणि वरच्या ड्रोनमधून तिला तो दिसतोय. तो फोनवर तिच्याशी बोलतो, आणि बोलताना मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघतो. तिसऱ्या सीझनपासून तिने त्याला पडद्यावर बघितलंय, हा पहिल्यांदा तिच्याकडे बघतो. तू सुरुवातीला आलीस तेव्हा वाटलं नव्हतं की इतकी वर्षं तूच माझी पाठ राखशील, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. मी शब्द सांगत नाही, बघा.

माझ्याकडे आठव्याचा बॉक्स आहे. मी ट्रान्सहार्बरनेच ये-जा करतो, बुधवारी संध्याकाळी ऐरोली स्टेशनला तिकीट खिडकीपाशी देऊ शकतो. परत मिळाला तर आनंद आहे, एकदा नेरुळच्या एका मित्राने चौथा सीझन नेला तो गेलाच.

आणि एक सूचना. बाराव्या भागात शेवटाकडे घड्याळ एकदम बारा तास पुढे उडी मारतं. म्हणूनच बारा भागांत चोवीस तास बसतात. चार मिनिटांवर वही निघाली असेल तर ह्याची पूर्वकल्पना देऊन ठेवलेली बरी.

घोडबंदरचा_जॅक
रविवार, सकाळी ७.५२

बारा तास!! वही नाही, रजिस्टर लागेल.

कोपरी_पूर्व
पुढचा रविवार, दुपारी ३.१५

बुधवारी बॉक्स मिळाला. वाशीचा डीव्हीडीवाला हे गृहस्थ माझ्या कल्पनेपेक्षा तरुण निघाले, आणि त्यांनी बॉक्स वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळी अशा बंदोबस्तात दिला. चौथ्या सीझनची जखम खोल दिसते. बॉक्स परत मिळेल, शब्द देते.

काल रात्री लावलं. बाबांना आधी काही सांगितलं नाही, फक्त शेवटचा तुकडा बघायचाय म्हटलं. जॅक मान वर करतो तिथे बाबा पुढे सरकले. गुडघ्याखालची उशी पडली तरी लक्ष नाही. तो बोलत होता तोवर हे गप्प. मग हळूच म्हणाले, "कुठे बघायचं ते माहिती आहे त्याला."

क्लोई चित्र बंद करायला सांगते आणि पडदा जातो. आणि ते घड्याळ. पुढे जायच्या ऐवजी तीन, दोन, एक, शून्य असं उलटं येऊन थांबतं. हे कोणी सांगितलं नव्हतं मला! बाबा पेन उघडून बसलेले, काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं : "संपर्क तोडला. ऑपरेटरच्या आदेशाने." खाली वेळेच्या रकान्यात "०" आणि प्रश्नचिन्ह.

मग म्हणाले, "लाव तो दहावा."

दहावा झाला, अकरावा झाला. अकराव्यात क्लोईचे जे हाल झाले त्यात मीच उशीत तोंड घातलं, बाबा मात्र स्थिर, कारण मालिकापुराणांची लेखी हमी वहीत आहे. जॅकबद्दलचं मतही जरा नरमलंय. आता त्याला पाहिजे आरोपी म्हणत नाहीत, "आपला तो" म्हणतात. डॉक्टरांनी परवापासून जिना उतरायला परवानगी दिलीये. कट्टा वाट बघतोय, पण बाबांनी बारावा भाग झाल्यावर बघू म्हणून सांगून टाकलंय.

बारावा आज रात्री. नऊ वाजता बसायचं ठरलंय, आईसुद्धा येणार आहे, मालिका रेकॉर्डला लावून. वहीत नवीन पान आखून तयार आहे, एका ओळीला एक मिनिट ह्या हिशेबाने.

बारा तासांचं मी अजून सांगितलेलं नाही.